आरक्षण ठरावाने उठते की मुदत संपून? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मैदाने आणि बागांची आरक्षणे, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात सार्वजनिक वापरासाठी राखून ठेवलेल्या जागा, वाचवायची असतील तर नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर नजर ठेवा, असे मी लिहिले होते. त्यावर आपण म्हणता की हे कारकुनी काम झाले. आरक्षणे नगरसेवक आणि बिल्डर संगनमताने उठवतात, तेव्हा हरकती आणि मोर्चा हाच उपाय. आपला संताप रास्त आहे. पण आरक्षण जाण्याच्या दोन वेगळ्या वाटा आपण एकच धरल्या आहेत.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधल्या कलम ३७ची वाट आपण सांगता तशीच आहे. पालिका आराखड्यात फेरबदलाचा ठराव करते, राजपत्रात सूचना निघते, महिनाभर हरकती घेता येतात, मग शासन मंजुरी देते. तिथे लेखी हरकत आणि सुनावणीला हजेरी हवीच.

कलम १२७मध्ये मात्र ठरावही लागत नाही आणि जनसुनावणीही होत नाही. विकास आराखडा अंमलात येऊन १० वर्षे झाली आणि जमीन ताब्यात घेतलेली नसली, की मालक हक्काच्या कागदपत्रांसह खरेदी सूचना बजावतो. तिथून २४ महिन्यांत पालिकेने जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप व्यपगत होते, म्हणजे संपते. शेजारी निवासी विभाग असेल तर मैदानाच्या जागी इमारत उभी राहू शकते. हरकत नोंदवायची कुठे?

‘पावले’ म्हणजे काय, यावरच सगळे अडते. सूचना आली की सभा ‘भूसंपादन करण्यात यावे’ असा ठराव करते, जिल्हाधिकाऱ्यांना पत्र जाते आणि सगळे निश्चिंत होतात. गिरनार ट्रेडर्स खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की असा नुसता प्रस्ताव पाठवणे पुरेसे नाही. संपादनाची अधिकृत घोषणा मुदतीत निघायला हवी. आणि २०१३च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १९नुसार, जमीन मागणाऱ्या संस्थेने खर्चाची पूर्ण किंवा ठरलेली अंशतः रक्कम जमा केल्याशिवाय ती घोषणाच निघत नाही. म्हणजे तिजोरीत पैसा नाही तर घोषणा नाही, आणि घोषणा नाही तर आरक्षण गेले. म्हणून मी अंदाजपत्रक म्हणतो.

रकमेचा अंदाज येण्यासाठी एक उदाहरण घेऊ. २० गुंठ्यांचे मैदान, बाजारमूल्य गुंठ्याला १० लाख धरले तर जमिनीचे २ कोटी. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम (सक्तीने जमीन घेतल्याबद्दलची जादा भरपाई), म्हणजे एकूण ४ कोटी. शिवाय बाजारमूल्यावर वार्षिक १२ टक्के वाढ वेगळी. लहान पालिकेला हे एका वर्षात झेपणे अवघड, हे मान्य. पण आराखड्याची १० वर्षे कधी भरणार हे मंजुरीच्या दिवशीच कळलेले असते, आणि तेवढ्या काळात एक पैसाही बाजूला न काढणे मला अक्षम्य वाटते.

दुसरा मार्ग टीडीआरचा, म्हणजे जमिनीच्या बदल्यात मालकाला दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क देण्याचा. रोख मोजावी लागत नाही, पण मालक राजी हवा, आणि ज्या गावात टीडीआरला गिऱ्हाईक नाही तिथे तो राजी होत नाही.

आता प्रत्यक्ष काय पाहायचे? अंदाजपत्रकात भांडवली खर्चाखाली ‘भूसंपादन’ हे शीर्ष शोधा. मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, यंदाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची तरतूद शेजारी ठेवून वाचा. तरतूद दरवर्षी दिसते आणि प्रत्यक्ष खर्च शून्य, असे असेल तर ती तरतूद कागदावरच आहे.

मग १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा आणि इतकेच मागा: कलम १२७खाली आलेल्या सर्व सूचना, आरक्षण क्रमांक, आवक दिनांक, संयुक्त मोजणी (संपादनासाठी होणारी जमिनीची सरकारी मोजणी) झाली का, जिल्हाधिकाऱ्यांकडे किती रक्कम कधी भरली. आवक दिनांकात २४ महिने मिळवून पाहा. सहा-आठ महिने उरलेले असतील आणि भरणा कोरा असेल, तर मोर्चा खुशाल काढा, मीही येईन. मागणी मात्र ‘आरक्षण वाचवा’ अशी मोघम नको. अमुक आरक्षणासाठी अमुक रक्कम अमुक तारखेच्या आत भरा, अशी असू द्या.