‘कॅथलिक शाळा श्रीमंतांसाठीच निघाल्या’ : ब्रदरांच्या शाळांवरच्या दाव्याचा प्रतिवाद

एक मजकूर समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगाडा तोच राहतो. जगभरातल्या कॅथलिक शाळा चर्चने उमराव-सावकारांच्या मुलांसाठी काढल्या. त्या पाद्री चालवतात. पैसा व्हॅटिकनचा असतो. परकी भाषा लादणं आणि धर्मांतर करणं एवढाच त्यांचा हेतू. आणि मुलांना बडवणं ही त्यांची ठरलेली रीत. मजकुरात आत्मविश्वास भरपूर असतो, पण एकाही शाळेचं किंवा संस्थेचं नाव नसतं.

मला पहिली हरकत इथेच आहे. ‘कॅथलिक शाळा’ नावाची एकसंध संस्था कुठेही नाही. शाळा चालवणारे धर्मसंघ अनेक: जेझुइट वेगळे, उर्सुलाइन भगिनी वेगळ्या, सालेशियन वेगळे. प्रत्येकाचा संस्थापक निराळा, नियम निराळे, कामाचा गाभा निराळा. सगळ्यांना एका पोत्यात भरलं की काहीही सिद्ध करता येतं. म्हणून मी एकच संस्था घेतो, जिचा जन्मच फक्त शाळा चालवण्यासाठी झाला: ‘ख्रिस्ती शाळांचे बंधू’, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले द ला साल ब्रदर्स. आज सुमारे ८० देशांत त्यांचं काम आहे आणि विद्यार्थ्यांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. दावा खरा असेल तर तो इथे टिकायला हवा.

‘उमरावांच्या मुलांसाठी निघाल्या’

संस्थापक सधन होता, हे खरं. जाँ-बातिस्त द ला साल १६५१ साली फ्रान्समधल्या रँस शहरात जन्मला. घर प्रतिष्ठित. पंधरा-सोळा वर्षांचा असतानाच तो तिथल्या कॅथीड्रलचा कॅनन झाला. हे मानाचं पद, आणि त्याला कायमचं उत्पन्न. १६७९ मध्ये आद्रियँ न्येल नावाचा एक माणूस गरिबांच्या मुलग्यांसाठी शाळा काढायला रँसला आला आणि द ला साल त्याच्या मदतीला गेला. त्याचा बेत तेवढाच होता.

शाळा निघाल्या, पण मास्तर धड मिळेनात. त्या काळी गरीब मुलांना अक्षरओळख करून देणारा मास्तर म्हणजे दुसरं काही न जमलेला माणूस, अशी समजूत होती. स्वतः द ला सालने पुढे लिहून ठेवलं आहे की सुरुवातीला तो या मास्तरांना आपल्या घरगड्याहूनही खालचे समजत असे. मी स्वतः प्राथमिक वर्गावर शिकवलं आहे. ते वाक्य मला आजही सुखाने वाचवत नाही. पण पुढे काय घडलं ते पाहा. आधी त्याने या मास्तरांना आपल्या घरी जेवायला बोलावलं, मग १६८१ मध्ये राहायलाच आणलं. नातेवाईक संतापले. पुढच्याच वर्षी तो वाडवडिलांचं घर सोडून त्यांच्यासोबत भाड्याच्या घरात गेला. मास्तरांना उद्याची धास्ती होती. देवावर भरवसा ठेवा, असं तो सांगायला लागला तेव्हा त्यांनी त्याला सुनावलं: तुमचं बरं आहे, तुमच्याकडे पद आहे, मालमत्ता आहे, शाळा बुडाली तर रस्त्यावर आम्ही येणार. हे त्याला लागलं. १६८३ मध्ये त्याने कॅननपद सोडलं, आणि १६८४ च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात आपली संपत्ती भाकरीच्या रूपाने वाटून टाकली.

शाळा मोफत होत्या. फी नाही, भेट नाही, पालकांकडून वस्तूही घ्यायची नाही, हा नियम. आणि समकालीनांची तक्रार आजच्या दाव्याच्या बरोबर उलट होती. १६८८ मध्ये द ला साल पॅरिसला गेला. तिथे पैसे घेऊन लेखन शिकवणाऱ्या मास्तरांचा संघ होता. त्यांचं म्हणणं, हे ब्रदर्स सगळ्यांनाच फुकट शिकवतात आणि आमचे विद्यार्थी पळवतात. त्यांनी खटले भरले, शाळेतलं सामान जप्त करवलं. १७०४ च्या निकालात ब्रदरांना बजावण्यात आलं की ज्यांची गरिबी सर्वज्ञात आहे अशांचीच मुलं घ्या, आणि त्यांना बापाच्या पायरीला शोभेल तेवढंच शिकवा. ब्रदरांच्या वर्गात कोणाचं मूल कोणाशेजारी बसतं, हीच त्या व्यवस्थेची अडचण होती.

या दाव्यात खऱ्याचा अंश किती? आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. १७०५ पासून रुआँजवळच्या सँ-योँ इथे ब्रदरांनी व्यापाऱ्यांच्या मुलांसाठी फी घेणारी निवासी शाळा चालवली. तिथल्या उत्पन्नावर संस्थेचा बाकी खर्च भागे. पुढे हा प्रवाह मोठा झाला. मनिलात १९११ साली निघालेली त्यांची शाळा संपन्न घरांतल्या मुलांची म्हणूनच ओळखली गेली. अमेरिकेतही त्यांची कॉलेजं उभी राहिली. आज अनेक शहरांत ब्रदरांची शाळा म्हणजे प्रवेशासाठी रांग लागणारी शाळा. गरिबांसाठी काढलेली चांगली शाळा श्रीमंतांनाही हवीशी वाटते, आणि मग कोणाला आत घ्यायचं हे ठरवताना संस्था घसरते. ही टीका रास्त आहे. पण ‘श्रीमंतांसाठी निघाल्या’ आणि ‘काही ठिकाणी श्रीमंतांच्या होऊन बसल्या’ ही दोन वेगळी विधानं आहेत.

‘पाद्री चालवतात’

मजकुरातली ही चूक सर्वांत सरळ आहे. ब्रदर हा धर्मगुरू नसतो. तो व्रतस्थ असतो, संघात राहतो, पण मिस्सा, म्हणजे चर्चमधला मुख्य उपासनाविधी, करत नाही, पापनिवेदन ऐकत नाही. हे अपघाताने घडलेलं नाही. द ला साल स्वतः धर्मगुरू होता आणि एका ब्रदरला धर्मगुरुपदासाठी तयार करत होता. तो ब्रदर अकाली वारला. त्यावर विचार करून द ला सालने नियमच घालून दिला: संघात कोणी धर्मगुरू होणार नाही, चर्चमधलं कोणतंही पद घेणार नाही. शिकवणं हेच पूर्णवेळ काम. वर्गाहून मोठी पायरी समोर असली की माणसाचं लक्ष तिकडेच राहतं, हे त्याने ओळखलं होतं. १६९४ मध्ये त्याने आणि बारा ब्रदरांनी आजन्म एकत्र राहून मोफत शाळा चालवण्याचं व्रत घेतलं.

आज तर चित्र आणखी बदललं आहे. जगभरात ब्रदर उरले आहेत तीन हजारांच्या आसपास. शिक्षक मात्र एक लाखाच्या घरात. त्यांत बायका आहेत, संसारी माणसं आहेत, इतर धर्मांचेही आहेत.



‘परकी भाषा लादली’

सतराव्या शतकात मुलाला वाचायला शिकवायचं म्हणजे आधी लॅटिन, अशी रीत होती. गरिबाचं पोर दोन-चार वर्षं शाळेत टिकायचं, न कळणारी अक्षरं जुळवायचं आणि कामाला जुंपलं जायचं. हाती काहीच नाही. द ला सालने हा क्रम उलटवला: आधी फ्रेंच, जी मुलाच्या कानावर आहे ती, लॅटिन नंतर, प्रार्थना वाचण्यापुरतं. संघाच्या नियमाने ब्रदरांना लॅटिन शिकवायचीही मनाई होती. हा नियम इतका कडक की अमेरिकेतल्या ब्रदरांनी आपल्या कॉलेजांत लॅटिन आणलं तेव्हा रोमहून ते बंद करण्याचा आदेश आला, आणि ही बंदी १९२३ मध्ये उठली.

फ्रान्सबाहेर मात्र गोष्ट फिरते. तिकडे गेलेल्या ब्रदरांनी अनेक ठिकाणी फ्रेंच किंवा इंग्रजीच माध्यम ठेवलं. पूर्व भूमध्य समुद्राकाठच्या शाळांना फ्रेंच सरकारचा आधार मिळत असे, आणि त्यामागे भाषेचा व प्रभावाचा हिशेब होता. स्थानिक भाषेतून शिकण्याचं जे तत्त्व रँसच्या विणकराच्या मुलाला लागू केलं, ते कैरोच्या किंवा सिंगापूरच्या मुलाला का नाही, हा प्रश्न ब्रदरांना विचारलाच पाहिजे. माझ्या मते त्यांच्यावरचा सर्वांत जड आक्षेप हाच आहे. फिरणाऱ्या मजकुरात तो धड मांडलेला नाही, एवढंच.

आणि या हिशेबावरून कोणी ब्रदरांना ‘साम्राज्याचे हस्तक’ म्हणत असेल, तर त्याने दुसरी बाजूही पाहावी. फ्रेंच राज्यक्रांतीने १७९२ मध्ये हा संघ मोडीत काढला; ब्रदर सॉलोमन लक्लेर्क त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पॅरिसच्या तुरुंगात मारले गेले. पुढे ७ जुलै १९०४ च्या कायद्याने फ्रान्सने धर्मसंघांना शिकवायलाच बंदी केली. हजारो ब्रदर देश सोडून गेले. मेक्सिको, क्यूबा अशा कितीतरी देशांत ब्रदरांच्या शाळा निघाल्या त्या या हद्दपारीमुळे.

‘पैसा व्हॅटिकनचा’

१७२५ मध्ये पोपने संघाला मान्यता दिली. रोख रक्कम दिली नाही. शाळा उभ्या राहिल्या त्या स्थानिक दाते, पॅरिश (गावोगावची चर्च-मंडळं) आणि नगरपालिका यांच्या पैशावर, आणि पगार न घेता राबणाऱ्या ब्रदरांच्या श्रमांवर. आज कुठे सरकारी अनुदान आहे, कुठे फी, कुठे देणगी.

‘हेतू फक्त धर्मांतर’

धर्मशिक्षण नव्हतंच, असं मी म्हणणार नाही. ते रोज होतं आणि संस्थापकाच्या दृष्टीने तोच गाभा होता. शिवाय राजाने प्रोटेस्टंट पंथावर बंदी घातल्यानंतर, त्या घरांतल्या मुलांना कॅथलिक वळण लावण्यासाठी दक्षिण फ्रान्समधल्या बिशपांनी ब्रदरांना बोलावलं. आलेसची १७०७ ची शाळा याच उद्देशाने निघाली. ही सक्तीच्या काळातली गोष्ट आहे आणि तिला सक्तीच म्हणावं.

दाव्यातला खोटा शब्द ‘फक्त’ हा आहे. इस्तंबूलमध्ये १८७० पासून ब्रदरांची शाळा आहे. तिथले विद्यार्थी प्रामुख्याने मुस्लिम. बेथलेहेममध्ये १९७३ साली ब्रदरांच्या साहाय्याने विद्यापीठ सुरू झालं. तिथले बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम आहेत, आणि त्यांत मुलींचा वाटा मोठा. इस्रायली लष्कराने १९८७ मध्ये ते तीन वर्षं बंद ठेवलं, तेव्हाही शिकवणं जमेल तिथे चालू राहिलं. पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिमच राहिलेल्या मुलांना शिकवत बसणं, हा धर्मांतराचा कारखाना असेल तर फारच अजब कारखाना आहे.

‘मारहाण हीच पद्धत’

शाळा कशी चालवावी यावर ब्रदरांनी एक पुस्तिका तयार केली; ती १७२० मध्ये आविन्यों इथे छापली गेली. तिच्यात छडी आहे. तिच्यात हेही आहे की हाताने, लाथेने मारायचं नाही, रागात शिक्षा करायची नाही, आणि वर्गाची शिस्त मारण्यातून येत नाही, मास्तरच्या शांत राहण्यातून आणि लक्ष ठेवण्यातून येते. मास्तरने कमी बोलावं म्हणून लाकडाचं एक छोटं टकटक वाजणारं साधन असे, त्याच्या खुणेवर वर्ग चाले. मुलं का गैरहजर राहतात यावर वेगळं प्रकरण आहे, आणि कारणांत गरिबीबरोबर मास्तरचा दोषही मोजला आहे. मुलं न्याहारी शाळेतच करत. उरलेली भाकरी टोपलीत गोळा करून ज्याच्याकडे नाही त्याला दिली जाई.

पण पुस्तिकेत काय लिहिलंय ते दाखवून हा आरोप उडवता येत नाही. आयर्लंडच्या २००९ च्या चौकशी अहवालात ज्या ‘ख्रिश्चन ब्रदर्स’च्या वसतिगृहांतला अत्याचार नोंदला आहे, तो संघ वेगळा, एडमंड राइस यांनी १८०२ मध्ये वॉटरफर्डला सुरू केलेल्या शाळेतून उगवलेला. नावं सारखी असल्याने लोक दोन्ही एकच समजतात. द ला सालच्या चाहत्यांनी या गोंधळाआड लपू नये. उत्तर आयर्लंडमधल्या रुबेन हाउस या द ला साल ब्रदरांच्याच बालगृहात मुलांचा शारीरिक आणि लैंगिक छळ झाला, आणि तिथल्या व्यवस्थेने तो रोखला नाही, असा निष्कर्ष चौकशी आयोगाने जानेवारी २०१७ च्या अहवालात काढला. आयोगासमोर संघाने माफी मागितली. तिथली मुलं कोणा उमरावाची नव्हती. ज्यांच्या बाजूने बोलायला घरचं कोणी नव्हतं अशी ती मुलं होती, म्हणजे नेमकी तीच, ज्यांच्यासाठी रँसमध्ये एका माणसाने आपलं घर उघडलं होतं.