टॅबमुळे माया आटत नाही

स्मृतिभ्रंश झालेल्यांची काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्यांबद्दलचा एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: नोंदी ठेवायला हातात टॅब आला की नजर माणसावरून पडद्यावर जाते, वेदना माणसाला कळतात, यंत्राला नाही, सेन्सर म्हणजे पाळत, आणि हे सगळं शेवटी माणसं कमी करण्यासाठी आहे. मजकूर कळवळ्यातून लिहिलेला आहे, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

आधी नजरेचं. कागदी नोंदवही भरतानाही नजर माणसावर नसतेच. उलट पाळी संपताना घाईघाईत, आठवेल तसं लिहिलं जातं: ‘दिवसभर अस्वस्थ.’ त्यातून रात्रपाळीला आलेल्या नव्या मुलीला काय कळणार? एखादे आजोबा संध्याकाळ झाली की ‘घरी जायचंय’ म्हणत दार धरून उभे राहतात. हातात टॉवेलांच्या घड्या घालायला दिल्या की निवतात, हे सकाळच्या ताईंना ठाऊक असतं. पण ते त्यांच्याबरोबरच घरी जातं. हेच जागच्या जागी टॅबवर नोंदलं, किती वाजता, त्याआधी काय घडलं, कशाने शांत झाले, तर दोन-तीन आठवड्यांत धागा सापडतो. कधी त्यामागे बद्धकोष्ठ निघतो, कधी लघवीचा संसर्ग. धागा सापडला नाही की हात गुंगीच्या गोळीकडे जातो. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांना मनोविकारांवरची अशी औषधं दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच दिला आहे. साध्या नोंदीचं मोल मला इथे सर्वांत जास्त वाटतं.

वेदनांबद्दल मजकूर अर्धा खरा आहे. ज्याला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही त्याचं दुखणं ओळखायला माणूसच लागतो. पण पेनचेक हे ऑस्ट्रेलियात तयार झालेलं ॲप पाहा. त्यात 42 खुणा तपासायच्या असतात. कॅमेरा चेहऱ्यावरच्या 9 टिपतो. उरलेल्या 33, म्हणजे कण्हणं, अंग चोरणं वगैरे, कर्मचाऱ्यानेच बघून भरायच्या. यंत्र इथे माणसाची जागा घेत नाही, त्याला पुन्हा नीट बघायला लावतं.

पाळतीबद्दल थोडक्यात. गादीखालचा साधा सेन्सर माणूस उठला एवढंच सांगतो. तो नसेल तर दर दोन तासांनी दिवा लावून झोपमोड करायची किंवा पलंगाचे कठडे वर करून अडकवून ठेवायचं, हे कुठलं स्वातंत्र्य? झोपायच्या खोलीत कॅमेरा मात्र मलाही मान्य नाही. शिवाय काय चालेल नि काय नको, हे त्या व्यक्तीला सांगता येत असतानाच विचारून ठेवायला हवं.

उरला शेवटचा मुद्दा, आणि तिथे मी मजकुराच्या बाजूने आहे. रात्री एकाच वेळी तीन सेन्सर वाजले आणि धावायला एकच बाई असली, तर सेन्सर असून नसल्यासारखाच. सतत वाजणाऱ्या इशाऱ्यांकडे थकलेला माणूस दुर्लक्ष करू लागतो, त्याला दोष देता येत नाही. पण माणसं कमी करण्याच्या कागदावर टॅब सही करत नाही, व्यवस्थापन करतं. म्हणून संस्थेत नवं उपकरण येण्याआधी कर्मचाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी एकच गोष्ट लेखी मागावी: रात्रपाळीत आज जितकी माणसं आहेत, त्यातलं एकही कमी होणार नाही.