‘पायी चालणारेच बेशिस्त’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गाडीखाली पायी जाणारं कुणी सापडलं की आपल्या मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: फूटपाथ सोडून लोक रस्त्यावरून चालतात, चूक त्यांचीच, रस्ते रुंद करा, दुभाजकाला जाळी लावा, पादचारी पूल बांधा. 2022 साली देशात 32,825 पादचारी रस्त्यावर मेले. एवढ्या सगळ्यांना बेशिस्त ठरवणं मला तरी पटत नाही.

‘फूटपाथ आहेत, लोक वापरत नाहीत.’ नांदेड असो की परभणी, बाजारातल्या फूटपाथवरून शंभर पावलं चालून बघा. दुकानाचा रॅम्प, मग विजेची डीपी, मग लावलेल्या दुचाक्या, मग ढापा फुटलेली नाली. दर चार पावलांना खाली उतरा, परत चढा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे निवासी भागातही किमान 1.8 मीटर मोकळी वाट हवी आणि फूटपाथची उंची 15 सेंटीमीटरच्या वर जायला नको. यात न बसणाऱ्या चौथऱ्याला फूटपाथ म्हणू नये.

‘रस्ता रुंद केला की अपघात टळतात.’ सगळ्यात घातक समज हाच. संभाजीनगरच्या जालना रोडसारखा रस्ता घ्या. एका बाजूला तीन लेन, म्हणजे साधारण साडेदहा मीटर धरा. हातात पिशवी घेतलेली आजी सेकंदाला 0.9 मीटर चालते. तिला ही एक बाजू ओलांडायला जवळपास 12 सेकंद लागतात, आणि ताशी 50 किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्यात दीडशे मीटरहून जास्त अंतर कापते. आजीनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा ती गाडी पार लांब होती. आणखी एक लेन वाढवा, आजीचे चार सेकंद वाढतील आणि गाड्यांचा वेगही. ताशी 30 ला चालकाचं लक्ष गेल्यापासून गाडी साधारण 13 मीटरमध्ये थांबते. 50 ला त्याच्या दुपटीहून जास्त लागतात. संभाजीनगरच्याच गुलमंडीच्या बाजारात गर्दीत गाड्या रेंगाळतच जातात, ते यामुळेच बरं. म्हणून लेन आवळा, दुभाजकात उभं राहायला जागा ठेवा, चौकाचे कोपरे काटकोनाकडे आणा. डावीकडे वळणाऱ्याला मग ब्रेक दाबावाच लागतो.

‘पादचारी पूल बांधा.’ पुलाखाली साडेपाच मीटर उंची मोकळी लागते. चाळीसेक पायऱ्या चढायच्या, तितक्याच उतरायच्या, तेही मे महिन्याच्या उन्हात आणि दुखऱ्या गुडघ्यांनी. त्यापेक्षा झेब्रा क्रॉसिंगच फूटपाथच्या उंचीला आणा. माणूस सरळ जातो, गाडी हळू होते. जाळीचं म्हणाल तर लोक ती वाकवून वाट काढणारच, कारण शाळा अलीकडे आणि बसथांबा पलीकडे असतो.

‘पैसा कुठून आणणार?’ रंग, वाहतुकीचे शंकू आणि प्लॅस्टिकचे खांब लावून हे बदल आधी महिनाभर करून बघता येतात. उड्डाणपुलाच्या मानानं हा खर्च काहीच नाही.

राहिली ‘चूक कुणाची’ ही गोष्ट. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं कलम 198अ आलं. ठरलेली मानकं न पाळता रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल केली आणि त्यात कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुढची फिर्याद लिहून देताना चालकाच्या नावासोबत या कलमाचाही आग्रह धरा.