नस्ती उठाठेव

एकतीस वर्षं मी एका सरकारी कार्यालयाच्या बारनिशीत काढली. बारनिशी म्हणजे जिथून अर्ज आत येतात ती जागा. ते बाहेर कुठून पडतात, हे मला निवृत्तीपर्यंत नीटसं कळलं नाही. "विहित नमुन्यात नाही", "साहेब मीटिंगला गेलेत", "आठवड्यानं चौकशी करा" ही वाक्यं मी झोपेतही बोलायचो, असं बायको सांगते. तेव्हा इलेक्ट्रिक सायकलच्या वॉरंटीनं माझी जी फरफट केली, तिच्याबद्दल गळा काढायचा मला फारसा हक्क नाही, हे मान्य. मी आपला एका कारागिरानं दुसऱ्या कारागिराचं काम बघावं तसं बघतोय. आणि सांगतो, काम फार सफाईचं आहे.

सायकल घेतली गुडघ्यांसाठी. आमचं सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेलं, त्यामुळे सपाट रस्ता म्हणजे लोकांना लग्नाच्या हॉलमध्येच काय तो बघायला मिळतो. माझं घर समर्थ मंदिराच्या अंगाला आणि पेन्शनची बँक पोवई नाक्यावर. जाताना सगळा उतार, येताना सगळा चढ. पुण्यातल्या मुलानं फोनवरच पसंत करून फोनवरच मागवली. २५० वॅटची मोटर, ताशी २५ किलोमीटरच्या पुढं पळत नाही, म्हणून लायसन्स नको आणि नोंदणीही नको. आरटीओशी संबंध येत नाही, एवढ्या एका मुद्द्यावर मी प्रस्तावास मान्यता दिली. पेडल मारलं की मोटर आपोआप मदतीला येते. वेगळं पिळायचं काही नाही. पहिले अठरा दिवस मी राजपथानं असा चढून जायचो, की पेढेवाले गिऱ्हाईक सोडून बघायचे.

एकोणिसाव्या दिवशी मोती चौकाच्या अलीकडे, ऐन चढावर, मोटर गप्प झाली.

बंद पडलेल्या इलेक्ट्रिक सायकलीचं वजन भरतं २४ किलो, म्हणजे गव्हाचं जवळजवळ अर्धं पोतं. ते मी हातानं ढकलत होतो, तेवढ्यात शेजारी एक गृहस्थ थांबले. चेहरा ओळखीचा वाटला. कोणे एके काळी त्यांची एक फाईल माझ्या टेबलावर बरीच वर्षं मुक्कामाला होती. त्यांनी सायकलीकडे पाहिलं, माझ्या घामाकडे पाहिलं आणि अत्यंत प्रेमानं विचारलं, "काय रावसाहेब, उद्या या म्हणती का काय?"

घरी आल्यावर सायकल पुन्हा सुरू. अंगणात, गल्लीत, सपाटीवर झकास. दुसऱ्या दिवशी त्याच चढावर पुन्हा गप्प. मग मी कस्टमर केअरला फोन लावला.

मराठीसाठी ५ दाबा म्हणाले, दाबलं. अकरा मिनिटं बासरी ऐकवली आणि मग एक मुलगा हिंदीत आला. "सर, मैं आपकी परेशानी समझ सकता हूँ." किती मऊ आवाज! आम्ही लोकांना ताटकळत ठेवायचो खरं, पण बासरीची सोय आमच्याकडे नव्हती. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मला बारा आकडी तिकीट नंबर दिला. मी तो लगेच ओळखला. आवक क्रमांक! फक्त नाव बदललंय. अर्जाला क्रमांक पडला की अर्जदाराला वाटतं काम सुरू झालं, आणि कार्यालयाला वाटतं आपलं काम संपलं. हे गुपित आम्हालाच ठाऊक, अशी माझी समजूत होती.

"अठ्ठेचाळीस तासांत आमचे प्रतिनिधी संपर्क करतील," असं सांगितलं होतं. सत्तेचाळिसाव्या तासाला मेसेज आला: आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे, कृपया पाचपैकी तारे द्या. कुणाचा फोन नाही, कुणी आलं नाही, सायकल चढावर तशीच गप्प. एकतीस वर्षांत मी हजारो अर्ज निकाली काढले असतील, पण अर्जदाराला एकदाही न भेटता त्याच्याकडूनच शाबासकी मागायची, हे मला सुचलं नाही.

नवं तिकीट काढलं. या वेळी त्रुटी आल्या. त्यांना सायकलीचा सिरियल नंबर फोटोसह हवा होता. तो कुठं असतो? पेडलचा आस ज्या नळीतून जातो तिच्या खाली, जमिनीकडे तोंड करून, धातूत ठोकलेला. ठोकणाऱ्यानं तो कुणी वाचावा अशी अपेक्षा ठेवलेली नसावी. सायकल उलटी करावी, तर हँडलवरचा डिस्प्ले फुटेल, आणि डिस्प्ले वॉरंटीत नाही. म्हणून मी पार्किंगमध्ये पोतं अंथरून पालथा पडलो, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात बायकोच्या पावडरीच्या डबीचा आरसा. आरशात आकडे उलटे दिसायचे. वर ग्रीसचा थर, त्यात एक अक्षर शून्य आहे की ओ, ते कळेना. शेजारच्या काकू कचरा टाकायला आल्या, मला तसं पडलेलं पाहून जागच्या जागी ओरडल्या, "अहो वहिनी, लवकर या, भाऊजी गेले!" वहिनी गॅलरीतून म्हणाल्या, "जाऊ द्या हो, नंबर घेतायत."

नंबर मंजूर झाला. आता व्हिडिओ. "सर, प्रॉब्लेम हो रहा है, ऐसा व्हिडिओ भेजिए." इथं सायकलीनं असहकार पुकारला. बायको मागं रिक्षात बसून शूटिंग करतेय, मी पुढं पेडल मारतोय, आणि सायकल राजपथावरून लोण्यासारखी वर. मुलाचं लहानपणीचं असंच होतं. रात्रभर कण्हायचा आणि डॉक्टरांच्या दारात गेला की टाळ्या वाजवायचा. तीन फेऱ्या झाल्या. रिक्षावाल्यानं तीनशे रुपये घेतले आणि चौथ्या फेरीला स्वतःच म्हणाला, "काका, चांगली चाललीय की, कशाला कंपनीला त्रास देताय?" पाचव्या फेरीला एकदाची मोटर थांबली. बायको आनंदानं ओरडली, "थांबली!" आणि बटण दाबलं. तेव्हा लक्षात आलं की तोपर्यंत शूटिंग बंद होतं आणि आता सुरू झालं. त्या व्हिडिओत फक्त तिच्या चपला आहेत. मी तोच पाठवला. तोही मंजूर झाला! म्हणजे तिकडेही अर्ज न वाचताच शिक्का मारतात तर. आमचाच संप्रदाय.

मधल्या काळात वॉरंटी कार्ड भिंग लावून वाचलं. टायर, ट्यूब, ब्रेकचे पॅड, केबल या झिजणाऱ्या वस्तू, त्या नाहीत. डिस्प्ले नाही. पाण्यामुळे झालेलं नुकसान नाही. म्हणजे साताऱ्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत सायकल देव्हाऱ्यात ठेवायची. अनधिकृत व्यक्तीनं हात लावल्यास सगळंच रद्द. आणि पहिली सर्व्हिसिंग महिन्याच्या आत अधिकृत केंद्रातच. अधिकृत केंद्र पुण्यात. पुणं ११० किलोमीटर, सायकल एका चार्जिंगमध्ये जाते तीसेक. मी कागदावर हिशोब मांडला: वाटेत तीन मुक्काम, दर ठिकाणी चार तास चार्जिंग, मधे खंबाटकीचा घाट. पायी वारीला निघालेले लोक बहुधा आधी पोहोचले असते.

"कुरियरनं पाठवा," असं सुचवण्यात आलं. कुरियरवाल्या पोरानं खोकं बघितलं, बॅटरी बघितली आणि हात मागं घेतला. ३६ व्होल्टची लिथियमची बॅटरी म्हणजे धोकादायक माल, नववा वर्ग. "नववीत आहे होय?" बायको म्हणाली. "मग दहावी झाली की घ्याल का?"

आमच्या कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं. मामांनी सायकल लांबूनच पाहिली, पेडल पकडून बाजूला हलवलं आणि म्हणाले, "सायेब, ह्यो आस ढिला हाय. आत लोहचुंबकाची चकती आसती बगा. तिच्याम्होरं ह्यो सेन्सर. चकती फिरली की त्याला कळतं तुमी पेडल मारताय. चढाला तुमी जोर लावला की आस हलतो, चकती लांब सरकती, की ह्याला वाटतं गडी थांबला. दोन मिनटाचं काम हाय." आणि पान्याकडे हात नेला.

"हात लावू नका!" मी जवळजवळ किंचाळलो. "वॉरंटी जाईल!"

मामांनी पाना खाली ठेवला. "बरं. मग ऱ्हाऊ द्या बिगडल्यालीच." त्यांच्या नजरेत मला ती कीव दिसली, जी इतकी वर्षं मी खिडकीच्या आतून लोकांना दाखवत आलो होतो.

शेवटी मुलगा गाडी घेऊन आला, डोक्यावर सायकल बांधली, दोन ठिकाणी टोल भरून आम्ही पुण्याला गेलो. केंद्रातल्या तंत्रज्ञानं सायकल गल्लीत दोन फेऱ्या मारून आणली. गल्ली कशी, कॅरमच्या बोर्डासारखी सपाट. "काका, मक्खन चल रही है," तो म्हणाला. मी सांगितलं, बाबा, ही फक्त चढाला रुसते. त्यानं विचार केला आणि केंद्राच्या दारातला अपंगांसाठीचा उतार दाखवला. तेवढाच चढ त्यांच्या हद्दीत होता. तीन पावलांचा. मी आदरानं तोही चढलो. फॉर्मवर शेरा पडला: दोष आढळला नाही. डोक्यावर सायकल बांधून आम्ही परत आलो. तिसऱ्या दिवशी मोती चौकाच्या अलीकडे तिनं पुन्हा तोच पवित्रा घेतला.

त्या रात्री मी कपाटातून फुलस्केप कागद काढला. आता आपली भाषा. विषय: सदोष सायकलीबाबत. संदर्भ: १ ते ९, सर्व तिकीट क्रमांक तारीखवार. "उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की…" ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा उल्लेख केला. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही, हे मुद्दाम खाली रेघ मारून लिहिलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरावर तक्रार नोंदवली, तिचाही क्रमांक टाकला. शेवटी "प्रत माहितीसाठी सविनय सादर" लिहून खाली पाच नावं. त्यातल्या तिघांना प्रत पाठवणार नव्हतोच. पण ज्याला कळतं त्याला कळतं, की खाली पाच प्रती असलेल्या पत्राला कुणी हात लावायला धजत नाही. ते सरळ वरच्या साहेबाकडे जातं.

चौथ्या दिवशी खोकं आलं. आत नवा सेन्सर आणि चिठ्ठी: हा भाग अधिकृत तंत्रज्ञानेच बसवावा. पाठोपाठ अधिकृत तंत्रज्ञाचा फोन. तो साताऱ्याला येऊ शकत नव्हता. "सर, मैं व्हिडिओ कॉल पर बताऊँगा, आप ही लगा लीजिए. आज के लिए आप ऑथराइज्ड."

मी अधिकृत! ज्याला ट्यूबलाइटचा स्टार्टर फिरवता येत नाही, तो. मी दहा मिनिटं मागून घेतली आणि मामांकडे धावलो.

दुकानात फोन मडगार्डला टेकवून अशा कोनात लावला, की तंत्रज्ञाला माझं तोंड आणि फक्त दोन हात दिसावेत. तोंड माझं, हात मामांचे. मामा माझ्या पाठीमागं उकिडवे बसले आणि काखेखालून हात पुढं काढले. त्या हातांवर कोपरापर्यंत काळं ग्रीस. मी अर्ध्या बाहीचा पांढरा झब्बा घातलेला.

"सर, लेफ्ट साइड का नट खोलिए." हातांनी नट खोलला.

"अब क्रँक निकालने का टूल लगेगा. आपके पास होगा क्या?" हातांनी तो पुलर आधीच लावला होता. मी म्हटलं, "होता है. घर में रखते हैं."

"वाह सर! अब पुराना सेन्सर निकालिए." इथं हात थांबले. मागून कानाशी कुजबुज आली, "सेन्सर चांगला हाय. म्या फकस्त आस आवळतो अन् चकती दाबतो." मी तंत्रज्ञाला म्हटलं, "निकाल रहा हूँ." खालून टक् असा आवाज आला. मामांनी एका बोटानं चकती जागेवर बसवली, आस आवळला, क्रँक चढवला, आणि बॅटरी लावून पेडल फिरवलं. मोटर गुरगुरली.

"देखा सर? मैंने बोला था ना, सेन्सर ही खराब था. और सर, आपके हाथ में बहुत सफाई है. पहले कहाँ काम करते थे?"

"सरकारी दफ्तर में."

तो क्षणभर काहीच बोलला नाही. मग तिकीट बंद केलं.

आता तीन आठवडे झाले, मी राजपथानं पुन्हा पेढेवाल्यांच्या डोळ्यांसमोरून वर जातो. तारे मागणारा मेसेज आला, पाच देऊन टाकले. सगळे कागद, नऊ तिकिटं, चपलांच्या व्हिडिओतला एक छापलेला फोटो, असं लेसनं बांधून वर "दप्तरी दाखल" लिहिलं.

मामा पैसे घेईनात. म्हणाले, वीस रुपयांच्या कामाला कंपनीचं नाव झालं, तेवढं पुरे. मी न वापरलेल्या सेन्सरचं खोकं त्यांच्यापुढं केलं, म्हटलं हे तरी ठेवा. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्याच पिशवीत परत टाकलं.

"ठिवा जपून, सायेब. वॉरंटी संपली की लागंल. तवा बिनघोर बसवू."