माझ्या नावाखाली छापलेला ‘बाइट’

आज सकाळी सेवा केंद्राचे शटर वर करण्याआधीच गावातला एक मुलगा मोबाइल घेऊन दारात उभा होता. “भाऊ, तुमीच लेहलं न हे, तीस मेगाबाइट म्हून? मंग माह्या घरी त साडेतीनच येऊन राह्यलं. लाइनमन फसवून राह्यला न आपल्याले!” काल रात्री तो लाइनमनच्या घरी जाऊन भांडूनही आला होता. ज्या माणसाने गेल्या जुलैत भर पावसात, रस्त्याकडेच्या चिखलात बसून, डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरून आमची तुटलेली इंटरनेटची केबल जोडली, त्याला चारचौघांत लबाड ठरवणारा तो शब्द माझ्या नावाखाली छापला गेला आहे आणि तो मी लिहिलेला नाही.

मी ‘३० मेगाबिट प्रतिसेकंद’ असे लिहिले होते. ब्रॉडबँड या एकाच विषयाला वाहिलेल्या, कोणत्याही कंपनीच्या पैशावर न चालणाऱ्या एका स्वतंत्र संकेतस्थळाने माझा लेख बाहेरच्या लेखकाचा म्हणून स्वीकारला आणि उपसंपादकांनी प्रत्येक ठिकाणी ‘मेगाबिट’ खोडून ‘मेगाबाइट’ केले. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. ३० मेगाबिटची जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी फाइल उतरवताना पडद्यावर सेकंदाला पावणेचार मेगाबाइटच्या वर आकडा जात नाही, म्हणजे त्या मुलाच्या घरी जे दिसत होते ते अगदी योग्य होते. मी तडक फोन लावला, तेव्हा उपसंपादक शांतपणे म्हणाले की वाचकांना बिट कळत नाही, बाइट हा ओळखीचा शब्द आहे. ओळखीचा आहे म्हणून एकक बदलायचे? मग क्विंटलपेक्षा किलो अधिक ओळखीचा आहे म्हणून कापसाचा भाव किलोला सात हजार रुपये छापणार आहात का? दुसऱ्या कोणत्या विषयावरच्या प्रकाशनात ही चूक झाली असती तर मी एक पत्र लिहून गप्प बसलो असतो, पण ज्यांचा सगळा संसारच इंटरनेटच्या वेगावर उभा आहे, त्यांना बिट आणि बाइट यांतला फरक ठाऊक नसावा हे मला सहन होत नाही.

बाहेरच्या लेखकांसाठी या मंडळींची चार पानांची नियमावली आहे. ती मी तीन वेळा वाचली आहे आणि मला ती मनापासून पटलेली आहे. लेख इतरत्र प्रसिद्ध झालेला नसावा, प्रत्येक आकड्याला आधार असावा, लेखकाने आपले हितसंबंध उघड करावेत, कंपनीची जाहिरात लेखाच्या वेषात येऊ नये, यांतला एकही नियम मला जाचक वाटत नाही. या विषयावर मराठीत जे लिहिले जाते त्यातले बरेचसे कंपन्यांच्या प्रसिद्धिपत्रकांवर नाव बदलून छापलेले असते, म्हणूनच मी या ठिकाणी लिहायला गेलो. त्याच नियमावलीत असेही लिहिले आहे की मजकुरातील वस्तुस्थितीला धक्का लावणारा बदल छापण्यापूर्वी लेखकाला दाखवला जाईल. मला काहीही दाखवले गेले नाही. सर्वसाधारण मातीत केबल १६५ सेंटीमीटर खोल पुरायची असते, एवढ्या एका आकड्यासाठी मला तीन वेळा विचारणा झाली आणि मी कागदाचे पान स्कॅन करून पाठवले. तो आधार मागणे त्यांचा हक्कच होता. परंतु माझ्याकडे खोलीचा पुरावा मागणाऱ्याने स्वतः एकक बदलताना कोणालाही विचारू नये, हा कुठला न्याय आहे?

शीर्षकाचेही तेच. मी ‘एक तार तुटली की पाच गावे बंद का पडतात’ असे शीर्षक दिले होते आणि छापून आले ‘नेटवर्कसाठी झाडावर चढणारे गाव’. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात नेटवर्कसाठी कोणी झाडावर चढत नाही, आणि माझ्या लेखात झाडाचा उल्लेखही नव्हता. सोबत जे छायाचित्र लावले आहे त्यात नारळ आणि भाताची खाचरे आहेत. आमच्याकडे काळी माती, पऱ्हाटी आणि तूर आहे. सर्वांत वाईट म्हणजे पहिल्याच वाक्यात ‘शेतकरी आत्महत्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या विदर्भातील’ हे शब्द घुसडले आहेत. विषय रस्त्याचा असो, शाळेचा असो की केबलचा असो, आमच्या घरांतले मृत्यू प्रस्तावनेला वापरायची ही सवय मला अत्यंत घृणास्पद वाटते आणि माझ्या नावाने तर मी ती कधीही चालू देणार नाही.

ज्या परिच्छेदासाठी मी लेख लिहिला होता तोच त्यांनी ‘फार तांत्रिक’ म्हणून कापला. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या, ग्रामपंचायतींना इंटरनेटने जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेत सुरुवातीला तालुक्याकडून ग्रामपंचायतींपर्यंत एकेरी मार्गाने केबल नेली गेली. रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीने ती एका फाट्यावर तोडली की त्या फाट्यापुढची सगळी गावे एकदम बंद होतात, कारण दुसऱ्या बाजूने येणारा मार्गच नसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमाला मान्यता दिली, त्यात ग्रामपंचायती कड्यासारख्या, म्हणजे रिंग पद्धतीने जोडायचे ठरले, जेणेकरून एका ठिकाणी तुटले तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहील. गेल्या जुलैत, पीक विम्याची मुदत तोंडावर असताना, आमची जोडणी चार दिवस बंद होती. माझ्या केंद्राच्या ओट्यावर म्हाताऱ्या बाया सातबारा पदरात गुंडाळून बसून होत्या आणि शेवटी एसटीने तालुक्याला गेल्या. ही रिंग आमच्याकडे कधी येणार, हा प्रश्न मी विचारला होता. तो प्रश्न कापून झाड घालणाऱ्याला वाचकाची काळजी आहे असे मी कसे मानू?

हे पहिल्यांदा घडलेले नाही. मागच्या वर्षी मी ब्रॉडबँडची किमान वेगमर्यादा २ मेगाबिट आहे असे लिहिले, जी जानेवारी २०२३ पासून खरोखर तेवढीच आहे, तर त्यांनी आपल्या जुन्या टिपणावरून तिथे ५१२ किलोबिट घातले. त्याआधी जोडणी बंद असल्याची तक्रार मांडणारा लेख त्यांनी वेगचाचणीचे तीन दिवसांचे स्क्रीनशॉट नाहीत म्हणून परत केला. तार तुटलेली असताना वेग कशाचा मोजायचा? जोडणीच्या यंत्रावरच्या एलओएसच्या, म्हणजे ‘लॉस ऑफ सिग्नल’च्या, लाल दिव्याचे छायाचित्र मी पाठवले होते. प्रकाशसंकेतच पोहोचत नसल्याचा त्याहून स्पष्ट पुरावा नाही, पण तो दिवा कशाचा हेच संपादकांना माहीत नव्हते. माझे सेवा केंद्र याच जोडणीवर चालते, असे मी स्वतःहून कळवले होते आणि ते त्यांनी लेखाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत छापले, ते योग्यच केले. त्याच आठवड्यात एका कंपनीच्या ग्रामीण योजनेचे गोडवे गाणारा लेख मात्र कसल्याही खुलाशाविना आला. त्याचा लेखक त्याच कंपनीची विक्री सांभाळतो, हे मला ठाऊक आहे, कारण आमच्या ग्रामपंचायतीत तो फलक घेऊन जोडण्या खपवायला आला होता. मी हे संपादकांना पुराव्यानिशी कळवले. त्याला आज पाच महिने झाले.

दुपारी मी त्यांना पुन्हा लिहिले आहे. प्रत्येक ‘बाइट’च्या जागी ‘बिट’ करा, आत्महत्यांचे वाक्य आणि ते शीर्षक काढा, कापलेला परिच्छेद परत घाला, आणि चूक संपादकांची होती असे लेखाच्या वर, माझा खुलासा छापला त्याच ठळक अक्षरांत छापा. हे जमत नसेल तर माझे नाव उतरवा. लाइनमनला मी संध्याकाळी घरी जाऊन भेटलो. माझ्या हस्तलिखिताची प्रत नेली होती, ती त्याच्यासमोर ठेवली, त्या मुलालाही तिथेच बोलावले आणि आठने भागून दाखवले.