पाच माणसं, एक रात्र, साडेबारा हजार!

डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहायला बसलोय.

आम्ही चिंचवडला राहतो. घरात पाच माणसं: मी, बायको, सात आणि अकरा वर्षांची दोन पोरं आणि माझी आई. आमचं मागणं एवढंच, की दोन महिन्यांतून एकदा शनिवारी दुपारी निघावं, कुठल्यातरी धरणाच्या पाण्याजवळ साध्या खोलीत रात्र काढावी आणि रविवारी जेवायच्या वेळेला घरी यावं. वर पत्रा असला तरी चालेल. धड संडास हवा, आणि आईला खाली बसता येत नाही म्हणून एक कॉट. चार महिने शोधतोय. आमच्या ऐपतीत असं काही मिळत नाही.

पवना धरण आम्हाला सगळ्यात जवळ. फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "किती पॅक्स?" म्हणजे किती माणसं. खोलीचं भाडं किती, हे कोणी सांगतच नाही. सगळा हिशोब पर हेड. त्या लाकडी तिकोनी ए-फ्रेमचा शनिवारचा दर माणशी अडीच हजार, आणि पाच वर्षांवरच्या मुलाचे पूर्ण पैसे. म्हणजे एका खोलीत एका रात्रीचे साडेबारा हजार! बार्बेक्यू अनलिमिटेड आहे म्हणे. माझी आई माळकरी आहे हो, तिने त्या चिकनचं काय करायचं? म्हटलं जेवण नको, आम्ही डबा आणतो, नुसती खोली द्या. तर "तसं पॅकेज नाही सर." साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मला तरी कुठे दर उतरलेला दिसला नाही. आणि बिल मागितलं की फोनवरचा आवाजच बदलतो.

तरी मे महिन्यात एकदा मन घट्ट करून गेलो. पोरांच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा होता. "लेक टच" असं लिहिलं होतं, फोटोत पायरीला पाणी लागलेलं. तो फोटो धरण भरल्यावर, सप्टेंबरात काढलेला. मेमध्ये पाणी उतरून कुठल्या कुठे गेलेलं असतं, हे त्यांना ठाऊक नाही? पाण्यापर्यंत जायला भेगाळलेल्या गाळातून दहा मिनिटं चालायचं होतं, आईला ते जमणारच नव्हतं. ती दोन दिवस खुर्चीत बसून लांबूनच बघत राहिली. त्या गाळात पाय रुततो, पुढे एकदम खोल होतं, दर उन्हाळ्यात तिथे कोणीतरी बुडाल्याची बातमी असते. लाईफ जॅकेट मागितलं तर दोनच होती, दोन्हींचे पट्टे तुटलेले.

आणि रात्र! रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे, २००० सालापासून नियम आहे. शेजारच्या तंबूंमध्ये दीड वाजेपर्यंत डीजे चालू होता. मालकाचा फोन बंद. धाकटी दचकून दचकून उठत होती. सकाळी साडेदहाला दार वाजलं, "सर, अकरा वाजता चेक-आउट." आदल्या दिवशी खोली मात्र चार वाजून गेल्यावर दिली होती. ज्या रात्री झोप नाही तिचे पूर्ण पैसे भरून आलो, हे आठवलं की अजून जीव जळतो.

लोक म्हणतात, मग दुसरीकडे जा. कुठे? मुळशीला गेलं तर मोठी रिसॉर्ट, आमचा अर्धा पगार जाईल. भंडारदरा मला मनापासून आवडतं, पण चिंचवडहून जायचं तर शनिवार रस्त्यातच संपतो, आणि मेअखेरीस काजवे सुरू झाले की तिथलेही दर चढतात. तापोळ्याला महाबळेश्वरचा घाट उतरताना आईला उलट्या होतात.

बरं, राहणं सोडा, नुसतं काठावर बसू म्हटलं. गेल्या रविवारी पोळी-भाजीचा डबा घेऊन पवनेला निघालो. तिकोना किल्ला डोळ्यांसमोर, खाली पाणी चमकतंय, आणि पाण्याकडे जाणाऱ्या वाटेवर तारेचं कुंपण. फाटकावरच्या पोराने माणशी दोनशे मागितले. कशाचे? "पुढे प्रायव्हेट आहे." अहो, धरणाचं पाणी प्रायव्हेट कधीपासून झालं? आमच्या नळाला हेच पाणी येतं. या धरणासाठी मावळातल्या लोकांनी जमिनी दिल्या, त्यांतल्या कित्येकांचं पुनर्वसन पन्नास वर्षं रखडलं. हेच पाणी पिंपरी-चिंचवडला आणायच्या बंदिस्त जलवाहिनीला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ ला पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. गावातल्या माणसाने घरची एक खोली भाड्याने दिली, पिठलं-भाकरी घातली, तर मी आनंदाने हजार-दीड हजार त्याच्या हातात ठेवीन. पण आम्ही ज्या खोल्या बघितल्या त्यांचे मालक पुण्या-मुंबईचे निघाले, आणि गावातली पोरं त्यांच्याकडे फाटक सांभाळतात, तंबू ठोकतात. या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

कोणाला माहीत असेल तर सांगा. चिंचवडहून दोन तासांत पोचता येईल, पाणी दिसेल, रात्री शांतता असेल आणि भाडं खोलीचं असेल, तीन हजारांच्या आत. जेवण आम्ही बांधून आणू. माणशी किती ते सांगणार असाल, तर कृपा करून सांगूच नका.