‘तिकीट काढून कधी बसलात का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. शेंदुर्णी स्टेशनवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत की पीजे, म्हणजे जळगाव जिल्ह्यातली पाचोरा-जामनेर रेल्वे, मीटरगेज नव्हती, ती तोट्यातच चालायची, आता ब्रॉडगेज येणार आहे, आणि शेवटी, “आज गळे काढणाऱ्यांनी तेव्हा तिकीट काढून कधी बसायचं होतं, फुकट्यांनीच गाडी बुडवली.”

मीटरगेजची चूक कबूल. पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी नॅरोगेज. लेखात दुरुस्त केलं आहे, आभार.

पण ते शेवटचं वाक्य कोणाला उद्देशून? आपण मला ओळखता का? पाचोऱ्याला कॉलेजात असताना तीन वर्षं मी याच गाडीने जा-ये केली, पासावर. पास घामाने मऊ पडायचा म्हणून आईने दुधाची पिशवी कापून त्याला कव्हर शिवलं होतं. वरचा काळा दोरा अजून सुटलेला नाही. तो पास आज माझ्या कपाटात आहे.

माझी आजी पहूरची. कार्तिकात त्रिविक्रमाच्या रथाला ती शेंदुर्णीला यायची. डोक्यावर गाठोडं, पदराच्या गाठीत तिकिटाचे पैसे. फलाट जमिनीसरसा आणि डब्याची पायरी उंच, त्यामुळे वरून मी हात धरायचो आणि खालून कोणी ना कोणी आधार द्यायचं. खिडकीत पैसे मोजून दिल्याशिवाय त्या पायरीवर तिने कधी पाय ठेवला नाही. अशा माणसांना आपण एका ओळीत फुकटे ठरवलंत. हे मी ऐकून घेणार नाही.

विनातिकीट बसणारे होते, टपावर बसणारेही होते, मी डोळ्यांनी पाहिलेत. पण माणूस टपावर चढतो तो आत पाय ठेवायला जागा नसते म्हणून. ५६ किलोमीटरला दोन-अडीच तास लागायचे, तरी भाजीच्या पाट्या घेऊन बायाबापड्या हीच गाडी धरायच्या, कारण भाडं एसटीच्या निम्म्याहूनही कमी. ज्याला एसटी परवडते त्याला हे कळायचं नाही. थोडं कडक लिहिलं, पण सुरुवात आपण केलीत.

तोट्याचं म्हणाल तर त्यात वाद नाही. कापसासाठी टाकलेला मार्ग, कापूस ट्रकवर गेला आणि हिशेब बिघडला. लेखात हे आहे, वाचलं असतंत तर दिसलं असतं. बोदवडपर्यंतची ब्रॉडगेज मलाही हवीच आहे. मी लिहिलं ते मार्च २०२०च्या टाळेबंदीत थांबलेल्या आणि पुन्हा न सुटलेल्या गाडीबद्दल.

आपण नाव लावलेलं नाही. पाचोऱ्याकडचे असाल तर घरी या, पास दाखवतो.